यलोस्टोनच्या वेशीबाहेर, दोन कुत्र्यांसह

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात पाळीव कुत्र्यांना नेता येते, एवढे आम्ही पहिल्या सहलीपूर्वी वाचले होते. त्यापुढचा नियम वाचायचा मात्र राहून गेला होता. कुत्रा सहा फुटांपेक्षा लांब नसलेल्या पट्ट्याला बांधलेला असला पाहिजे आणि रस्ता, वाहनतळ किंवा कॅम्पग्राउंड यांपासून १०० फुटांच्या आतच राहिला पाहिजे, असे तो नियम सांगतो. डोंगरातल्या पायवाटा, उष्ण झऱ्यांभोवतीचे बोर्डवॉक, म्हणजे लाकडी फळ्यांचे मार्ग, आणि आतले रान हे सारे कुत्र्यांना बंद आहे, आणि त्यांना एखाद्या खांबाला बांधून आपण निघून जाण्याचीही मुभा नाही. जवळजवळ ९,००० चौरस किलोमीटर पसरलेल्या त्या उद्यानात आमच्या मोगरीच्या आणि भीमाच्या वाट्याला आली ती केवळ डांबरी रस्त्याची कड.

ओल्ड फेथफुल हा प्रसिद्ध गायझर, म्हणजे गरम पाण्याचा फवारा उडवणारा झरा, सरासरी दीड तासाने उसळतो. माझी पत्नी आणि मी असे आम्ही दोघे असल्यामुळे एकाने वाहनतळावर कुत्र्यांजवळ थांबायचे आणि दुसऱ्याने जाऊन पाहायचे, मग पुढच्या उसळीसाठी पाळी बदलायची, असे ठरवले. गाडी लावायला जागा शोधण्यापासून धरले तर या एका ठिकाणी आमचे चार तास गेले, आणि एकत्र पाहण्यासाठी इतक्या दूर आलेलो आम्ही दोघे ती गोष्ट वेगवेगळी पाहून आलो. भीमला गर्दी मानवत नाही. तो सारा वेळ गाडीच्या सावलीत धापा टाकत बसला होता. मोगरी म्हातारी आणि समजूतदार आहे, पण तिचेही पंजे डांबरावर पोळू लागले, तेव्हा तिला आम्ही उचलून गाडीत ठेवले. त्या संध्याकाळी मला उद्यानाच्या नियमांचा राग आला होता. आता येत नाही, आणि तो का येत नाही हे नीट सांगावेसे वाटते, कारण कुत्रे पाळणाऱ्या आम्हा मंडळींत हा राग सर्रास दिसतो.

जुलै १९८१ मध्ये फाउंटन पेंट पॉट या भागात एका पर्यटकाच्या गाडीतून त्याच्या मित्राचा मोठा कुत्रा निसटला आणि सेलेस्टिन पूल नावाच्या उष्ण झऱ्यात पडला. त्या पाण्याचे तापमान ९० अंश सेल्सियसच्या वर होते. त्याला वाचवण्यासाठी तो पर्यटक, चोवीस वर्षांचा तरुण, पाण्यात उतरला. कुत्रा वाचला नाही आणि तो तरुणही दुसऱ्या दिवशी भाजल्याच्या जखमांनी मरण पावला. कुत्र्याला ते पाणी इतर कोणत्याही डबक्यासारखेच दिसते. भोवतालचा पांढरट कवच असलेला भाग पायाखाली खचू शकतो, हेही त्याला कळण्याचा मार्ग नाही. मला त्या तरुणाची गोष्ट वाचल्यावर सर्वांत जास्त अस्वस्थ करणारा विचार हा होता की भीम पडला असता तर मीही कदाचित तेच केले असते. विचार करायला तिथे वेळच नसतो. म्हणून बोर्डवॉकवर कुत्रा नको, हा नियम मला आता कुत्र्याइतकाच त्याच्या माणसाच्या रक्षणासाठी केलेला वाटतो.

दुसरे कारण रानातल्या प्राण्यांचे आहे. १९९५ आणि १९९६ या दोन वर्षांत कॅनडातून आणलेले ३१ लांडगे यलोस्टोनमध्ये सोडण्यात आले, आणि आज तिथे जे कळप आहेत ते बहुतांशी त्यांचेच वंशज आहेत. लांडग्याच्या दृष्टीने आपला कुत्रा हा त्याच्या हद्दीत शिरलेला परका लांडगा असतो, आणि परक्याशी तो जसा वागतो तसाच कुत्र्याशीही वागतो. मूस आणि एल्क या हरणांच्या मोठ्या जाती आहेत; मूसची मादी आणि नुकतीच व्यालेली एल्कची मादी यांना कुत्रा म्हणजे पिल्लावर टपलेला लांडगा किंवा कायोटी (लांडग्याचाच लहान भाऊबंद) वाटतो, त्यामुळे माणसाकडे दुर्लक्ष करणारे हे प्राणी कुत्रा दिसताच चाल करून येतात. रोगांचा विचार तर आपण क्वचितच करतो. १९९९, २००५ आणि २००८ या वर्षांत यलोस्टोनच्या लांडग्यांमध्ये डिस्टेंपर या विषाणुजन्य रोगाची साथ आली आणि त्या वर्षांत त्यांची बहुतेक पिल्ले दगावली. हा रोग कायोटी, रॅकून अशा अनेक प्राण्यांतून फिरतो आणि पाळीव कुत्र्यांनाही होतो. माझ्या कुत्र्याचे लसीकरण ही केवळ माझ्या घरापुरती बाब राहत नाही, हे मला त्या साथींवरून उमगले.

दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही सहलीची मांडणीच उलटी केली. उद्यान हे मुख्य ठिकाण आणि मुक्काम ही केवळ झोपण्याची सोय, असे न मानता उद्यानाबाहेरचे जंगल हीच आमची सहल आणि उद्यान हा तिच्यातला एक भाग, असे ठरवले. यलोस्टोनच्या चहूबाजूंना राष्ट्रीय वने पसरलेली आहेत आणि त्यांचे नियम निराळे आहेत, कारण ती चालवणारी संस्थाच निराळी आहे. उद्याने नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहेत, तर ही वने कृषी खात्याच्या अखत्यारीतील फॉरेस्ट सर्व्हिसकडे. पश्चिम वेशीवरच्या वेस्ट यलोस्टोन गावाजवळ कस्टर गॅलाटिन राष्ट्रीय वन आहे, तिथे हेबगेन नावाचा मोठा जलाशय आहे आणि त्याच्या उत्तरेला मॅडिसन पर्वतरांग उभी आहे. या वनांतल्या बहुतेक पायवाटांवर कुत्र्यांना घेऊन जाता येते. उद्यानातल्या कॅम्पग्राउंडमध्येही कुत्र्यांना घेऊन तंबू ठोकता येतो, हे खरे. पण सकाळी उठून त्यांना शंभर फुटांपलीकडे नेता येणार नसेल तर त्या रानात राहण्याचा त्यांना काय उपयोग, असे मला वाटते. आम्ही हेबगेनच्या काठी तंबू ठोकला. तळ्याकाठच्या पहिल्याच सकाळी भीम दोन तास वाटेतला प्रत्येक दगड हुंगत चालला आणि परत आल्यावर दुपारपर्यंत निजला. आदल्या वर्षी आम्ही त्याला पाच दिवसांत एकदाही असे थकू दिले नव्हते.

कॅम्पग्राउंडच्या हद्दीत राष्ट्रीय वनातही सहा फुटांचा पट्टा सक्तीचा आहे. हद्दीबाहेर पुष्कळ ठिकाणी पट्ट्याची सक्ती नसते आणि अनेक जण कुत्र्यांना मोकळे सोडतात. मी कधीच सोडत नाही. आपला कुत्रा हाक मारताच येतो, यावर ज्यांचा विश्वास आहे त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की ग्रिझली अस्वलाच्या मुलखात त्याचे हाकेला येणेच घातक ठरू शकते. मोकळा कुत्रा पुढे धावतो, झुडपात अस्वल गाठतो, भुंकून त्याला डिवचतो, आणि ते अंगावर आले की जीव वाचवायला सरळ आपल्या माणसाकडे पळत येतो, मागे अस्वल घेऊन. उद्यानाची सीमा नकाशावर असते. अस्वले आणि लांडगे ती मानत नाहीत. म्हणून बाहेरच्या वनातही मी कमरेला बेअर स्प्रे (अस्वलाला रोखणारा तिखट फवारा) अडकवतो, दाट झाडीतून जाताना मोठ्याने बोलत राहतो आणि उद्यानाने घालून दिलेले अंतर तिथेही पाळतो: अस्वल आणि लांडगा यांच्यापासून १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, आणि बायसन, एल्क यांसारख्या इतर प्राण्यांपासून २५ यार्ड.

ग्रिझलीमुळेच वेस्ट यलोस्टोनच्या आसपासच्या काही कॅम्पग्राउंडमध्ये कापडी तंबूला परवानगी नसते. तिथे केवळ टणक भिंतींची वाहनेच उभी करता येतात. आम्हाला तंबूच हवा असल्याने आरक्षणापूर्वी प्रत्येक ठिकाणाचा नियम तपासावा लागला. अन्नाच्या नियमाबाबत मात्र आमच्या हातून चूक झाली, आणि तिची मला अजून खंत वाटते. आमचे स्वतःचे सर्व अन्न, साबण आणि टूथपेस्टसुद्धा आम्ही जागेवरच्या लोखंडी पेटीत बंद करत होतो. अस्वलाच्या नाकाला या सर्वांचा वास सारखाच असतो, हे आम्हाला ठाऊक होते. कुत्र्यांचा विचार मात्र कोणीच केला नव्हता. मोगरी सावकाश खाते, म्हणून तिचा अर्धा भरलेला वाडगा आम्ही तंबूच्या दाराशी तसाच ठेवून तळ्याकडे फिरायला गेलो. परत आलो तेव्हा कॅम्पग्राउंडच्या देखरेखीसाठी असलेल्या बाई वाडगा हातात घेऊन आमची वाट पाहत उभ्या होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही. माणसांकडून एकदा खाणे मिळालेले अस्वल पुन्हा पुन्हा येते, धीट होते, आणि शेवटी त्याला मारावे लागते, एवढेच त्यांनी सांगितले. तंबूच्या दाराशी ठेवलेल्या मूठभर कोरड्या खाद्यामुळे एका अस्वलाचा जीव जाऊ शकतो, हे त्यांच्या तोंडून ऐकताना मान वर करवत नव्हती.

तेव्हापासून कुत्र्यांचे जेवण आमच्या जेवणाच्या वेळीच होते, उजेड असताना आणि आमच्या डोळ्यांसमोर. दहा-पंधरा मिनिटांत वाडगे उचलले जातात, धुतले जातात आणि पेटीत जातात. रिकामा पण न धुतलेला वाडगाही अन्नच समजायचा. खाद्याची पिशवी, बक्षिसाचे तुकडे, चघळायची हाडे, औषधाच्या चवदार गोळ्या, ज्या जाकिटाच्या खिशात बक्षिसे ठेवलेली होती ते जाकीटसुद्धा रात्री तंबूत राहत नाही. विष्ठा लगेच पिशवीत भरून कचरापेटीत टाकायची. पिशवी भरून वाटेच्या कडेला ठेवणे आणि परतताना उचलू असे म्हणणे, हे मला न उचलण्याइतकेच वाईट वाटते, कारण परतताना ती कितीदा तशीच राहून जाते हे त्या पायवाटांवर दिसते.

हेबगेनच्या काठची उंची सुमारे २,००० मीटर आहे आणि भर जुलैतही रात्री पारा गोठणबिंदूजवळ उतरू शकतो. आखूड केसांच्या भीमला पहिल्या रात्री कापरे भरले होते, तेव्हा त्याला आम्ही आमच्या झोपण्याच्या पिशव्यांमध्ये घेतले. आता दोन्ही कुत्र्यांसाठी जमिनीपासून वेगळे करणारी फोमची चटई आणि लोकरीचे पांघरूण असते. रात्री कुत्रे तंबूच्या आतच, आमच्या हाताच्या अंतरावर झोपतात. बाहेर साखळीला बांधलेला कुत्रा पळूही शकत नाही आणि लढूही शकत नाही. भीम नवख्या आवाजांना भुंकतो. त्यासाठी निघण्यापूर्वी महिनाभर आम्ही घरामागच्या अंगणात तंबू लावून आठवड्यातून दोन रात्री त्याच्यासह झोपलो. तो पूर्ण शांत झाला असे म्हणता येणार नाही, परंतु एकदा हात पाठीवर ठेवला की थांबू लागला, आणि शेजारच्या तंबूतल्या लोकांच्या झोपेसाठी तेवढे पुरेसे ठरले.

उद्यान पाहण्यासाठी आम्ही दिवस वाटून घेतले. एक दिवस मी एकटा पहाटे पाचला निघालो आणि यलोस्टोनमधल्याच ग्रँड कॅन्यन नावाच्या दरीतला ९४ मीटर उंचीचा लोअर फॉल्स हा धबधबा पाहून जेवणाच्या वेळेपर्यंत परतलो. दुसऱ्या दिवशी माझ्या पत्नीने तसेच केले. २०२१ मध्ये यलोस्टोनला ४८ लाखांहून अधिक भेटी नोंदल्या गेल्या होत्या, त्यावरून उन्हाळ्यातल्या गर्दीची कल्पना येईल; पहाटे निघण्याखेरीज गत्यंतर नसते. दोघांनी मिळून पाहायच्या एका दिवसासाठी कुत्र्यांना दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्रात ठेवले. अशा ठिकाणी रेबीज, डिस्टेंपर आणि केनेल कफ (कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला) यांच्या लसींची कागदपत्रे मागतात आणि उन्हाळ्यात जागा फार आधी भरतात. कुत्र्यांना गाडीत ठेवून लांबच्या पायवाटेवर जाणे हा पर्याय आम्ही विचारातच घेत नाही: बाहेर २१ अंशांची सुखद हवा असतानाही बंद गाडीच्या आतले तापमान अर्ध्या तासात ४० अंशांपर्यंत चढते.

पाण्याबद्दल थोडक्यात सांगतो. ओढ्याचे पाणी स्वच्छ दिसले तरी त्यात जिआर्डिया हा पोट बिघडवणारा परजीवी असू शकतो, म्हणून कुत्र्यांसाठीही आम्ही आमचेच पाणी वापरतो. उन्हाळ्याच्या अखेरीस तळ्याच्या संथ खाडीत हिरवट सायीसारखे शेवाळ धरलेले दिसले, तर कुत्र्याला त्यात पोहू देऊ नये आणि ओले अंग चाटूही देऊ नये. नील-हरित शेवाळाच्या विषाने कुत्रा काही तासांत दगावू शकतो. फिरून आल्यावर कानांमागे, काखेत आणि बोटांच्या मध्ये गोचिड्या शोधायच्या.

मोगरी आता बारा वर्षांची झाली आहे आणि तिचे मागचे पाय दुखतात. यंदाच्या मुक्कामासाठी आम्ही तळ्याच्या अगदी काठाची जागा घेतली आहे, तिथून पाण्यापर्यंत पन्नास पावले आहेत आणि वाट सपाट आहे. भीमला घेऊन एक जण डोंगरात जाईल आणि दुसरा तिच्याजवळ काठावर बसेल. या वेळी उद्यानात कोणत्या दिवशी जायचे, ते आम्ही अजून ठरवलेले नाही.