ट्री पिओनी, तिसरा हंगाम: जोडाच्या वरची मुळं

वाफ्यात ट्री पिओनीची, म्हणजे लाकडी काड्यांच्या फुलझुडपाची, दोन कलमं आहेत: पांढरं 'रेनकाकु' आणि पिवळं 'हाय नून'. दोन्ही पानगळीच्या सुरुवातीला, उघड्या मुळांनी लावलेली. दोन्हींचा खुंट (ज्यावर कलम बांधतात तो खालचा भाग) साध्या पिओनीच्या मुळाचा, म्हणजे जिच्या काड्या दर हिवाळ्यात जमिनीपर्यंत वाळतात तिचा. तिसरा बहर नुकताच संपला, पण ही नोंद फुलांपेक्षा मुळांचीच जास्त आहे.

लावणीची मापं. खड्डा ६० सेंमी रुंद आणि तेवढाच खोल, दोन झुडपांत दीड मीटर, मातीचा सामू (pH) ६.५ ते ७. खड्ड्यात ओतलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही दिसलं तर वाफा २० ते ३० सेंमी उंच करावा. ओल्या मातीत ही मुळं कुजतात. कलमाचा जोड, म्हणजे खुंटावर वरची डोळकाडी बसवलेली जागा, मातीच्या पातळीखाली १० ते १५ सेंमी गेला पाहिजे. खुंटाने पहिली काही वर्षं झाड जगवायचं असतं, तेवढंच. गाडलेल्या डोळकाडीला स्वतःची मुळं फुटली की झुडूप आपल्या पायावर उभं राहतं आणि जमिनीतून नव्या फांद्याही काढतं. जोड उथळ राहिला तर एकच काडी, तीही दुबळी.

पानगळीतच लावायचं कारणही मुळांत आहे. माती निवू लागली की नवी पांढरी मुळं सुटतात. वसंतात लावलेलं कलम काडीतल्या साठ्यावर झोकात पानं काढतं आणि पहिल्या कडक उन्हात माना टाकतं, कारण खाली पाणी ओढणारं काही नसतं.

पहिलं वर्ष. कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच खुडल्या. आठवड्यातून एकदा, पण खोलवर पाणी. खत नाही.

दुसरं वर्ष. 'हाय नून'ने जमिनीतून कोंब काढला, 'रेनकाकु' जागच्या जागी. हा फरक अपेक्षितच होता: 'हाय नून' लुटिया (पिवळ्या फुलांची जात) संकर आहे, त्याला जोम जास्त.

कोंब दिसला की लगेच खूश होऊ नये. खुंटावर एखादा डोळा राहून गेला असेल तर तोही फुटतो आणि कलमाचं अन्न खातो. पान उलगडेपर्यंत थांबा. 'रेनकाकु'सारख्या ट्री पिओनीचं पान निळसर हिरवं, चकाकी नसलेलं, आणि टोकाची पर्णिका (पानाचा छोटा भाग) तीन भागांत चिरलेली. खुंटाचं पान गडद, चकचकीत. पर्णिका भाल्याच्या पात्यासारखी, सलग. 'हाय नून'चं पान अधिक खोल कातरलेलं असतं, त्यामुळे तिथे गोंधळ होत नाही. खुंटाचा कोंब वरून कापून भागत नाही, पुन्हा फुटतो. माती बाजूला करून तो मुळाशी जिथे चिकटला आहे तिथूनच काढावा.

तिसरं वर्ष. आता दोन्हींवर मोजक्या कळ्या ठेवल्या. ओलसर वसंतात 'रेनकाकु'वर बॉट्रायटिस हा बुरशीचा रोग आला: कोवळा कोंब बुडाशी काळा, वर करडी लव, आणि पाणी असूनही पानं लोंबलेली. काडी कापल्यावर छेद पाहावा. मधला गाभा तपकिरी दिसला तर आणखी खाली जा, स्वच्छ पांढरट गाभा लागेपर्यंत. दर कापानंतर कात्री स्पिरिटने पुसायची. कापलेलं कंपोस्टमध्ये टाकायचं नाही, आणि पानगळीत गळलेली पानं एकूण एक उचलायची, कारण बुरशी तिथेच हिवाळा काढते.

वाळकी वाटणारी काडी मात्र घाईने छाटू नये. डोळे फुगेपर्यंत थांबून सर्वांत वरच्या जिवंत डोळ्याच्या किंचित वर कापावं. फुलं जुन्या लाकडावरच्या डोळ्यांतून येतात, त्यामुळे साध्या पिओनीसारखं सगळं जमिनीलगत कापलं तर पुढचा बहर गेला.

बहर सरल्यावर नत्र कमी असलेलं खत आणि बोनमील, खोडापासून २० सेंमी लांब, गोलाकार. नत्र जास्त झालं की वाढ लुसलुशीत होते आणि बुरशीला आयती जागा मिळते. पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्यातच डोळ्यांत घडतात, म्हणून पानं शेवटपर्यंत निरोगी राहणं महत्त्वाचं. दुपारच्या उन्हापासून थोडा आडोसा पुरतो.

पानगळीत 'हाय नून'ची माती एका बाजूने हलकेच उकरून जोडाच्या वर पाहायचं आहे. बोटाएवढी जाड मुळं तीन-चार दिसली तर खुंटाचं मूळ कापून टाकता येईल. बारीकच असतील तर माती परत ओढून आणखी एक वर्ष हात लावायचा नाही.