क्यूबची नोंदवही : ३१ सेकंदांवरून २४ सेकंदांपर्यंत

मागच्या नोंदीत रुबिक क्यूबच्या शंभर सॉल्व्हची, म्हणजे क्यूब पूर्ण सोडवण्याच्या शंभर खेपांची, माझी सरासरी ३१ सेकंदांवर अडकल्याचे लिहिले होते. साडेतीन महिन्यांनी ती २४.३ सेकंदांवर आली आहे. या काळात बोटांचा वेग वाढवण्यासाठी मी काहीही केलेले नाही, आणि म्हणूनच तीस सेकंदांच्या आसपास अडकलेल्या क्यूबरांसाठी हे सविस्तर लिहावेसे वाटते.

मी सीएफओपी पद्धतीने सोडवतो: आधी तळाच्या थरातल्या चार एजचा (कडेच्या तुकड्यांचा) क्रॉस, मग एक कॉर्नर (कोपऱ्याचा तुकडा) आणि एक एज अशा चार जोड्या, मग वरची बाजू एका रंगाची करणारे ओएलएल आणि शेवटी त्या थरातले तुकडे जागेवर नेणारे पीएलएल. पीएलएलची २१ सूत्रे मला आधीपासून येत होती, ओएलएल मात्र मी दोन टप्प्यांत करत असे, कारण त्याची ५७ सूत्रे पाठ करायला धीर होत नव्हता. ती झाली की वेळ आपोआप उतरेल, असा माझा पक्का समज होता. तो दूर झाला तो एका रविवारी, फोन टेबलाला टेकवून हातांचे चित्रण केले तेव्हा. दहा सॉल्व्ह चित्रित करून मी ते संथ गतीने पाहिले आणि हात जिथे जिथे स्थिर होते, तो वेळ कागदावर मांडत गेलो. ३१ सेकंदांच्या एका सॉल्व्हमध्ये जवळजवळ ११ सेकंद क्यूब फिरतच नव्हता. क्रॉस झाला की थांबा, प्रत्येक जोडीनंतर थांबा, ओएलएल ओळखायला थांबा. सीएफओपीच्या एका सॉल्व्हला साधारण ६० चाली लागतात असे धरले, तर उरलेल्या २० सेकंदांत माझे हात सेकंदाला तीन चाली करत होते. हातांचा वेग पुरेसा होता. कमतरता होती ती नजरेची.

त्यानंतर मी मेट्रोनोम लावला. मिनिटाला १२० ठोके आणि प्रत्येक ठोक्याला एकच चाल, म्हणजे ६० चालींना बरोबर ३० सेकंद. धापा टाकत, अडखळत मी जो वेळ देत होतो, तोच वेळ एका लयीत न थांबता सोडवले तर आरामात मिळतो, हे स्वतःच्या हातांनी अनुभवल्यावर सरावाकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली. अर्थात १२० ठोक्यांवर सुरुवातीला जमले नाही. ६० ठोक्यांपासून आरंभ केला आणि नियम एकच ठेवला: वेळ कितीही लागो, हात थांबता कामा नये.

खरी अडचण कुठे होती, ते या संथ सरावात दिसले. पांढरा-लाल-हिरवा कॉर्नर आणि त्याचा एज जुळला, की तो घरात बसेपर्यंत माझी नजर त्याच जोडीवर खिळलेली असे. वास्तविक जोडी जुळताच तिचे काम बोटांवर सोपवता येते, कारण पुढच्या तीन-चार चाली बोटांना पाठ असतात, आणि त्या अवधीत डोळ्यांनी पुढचा कॉर्नर शोधायचा असतो. ‘लुक-अहेड’ म्हणतात ते हेच. वाचून मला ते अनेक वर्षे माहीत होते, पण हात संथ केल्याशिवाय डोळ्यांना तेवढी उसंत मिळाली नाही. दुसरी सुधारणा अगदी साधी होती: पहिल्या दोन जोड्या शक्यतो मागच्या घरांत बसवायच्या, म्हणजे रिकामी घरे समोर राहतात आणि संपूर्ण क्यूब वळवून पाहण्याची गरज कमी होते.

क्रॉसवरही थोडे काम केले. स्पर्धेत सोडवण्यापूर्वी निरीक्षणाला १५ सेकंद मिळतात, आणि कोणत्याही स्क्रॅम्बलवर (विस्कटलेल्या मांडणीवर) क्रॉस जास्तीत जास्त ८ चालींत होतोच. मी रोज दहा स्क्रॅम्बल घेऊन क्रॉस डोळे मिटून पूर्ण करतो.

या छंदासाठी मी रोज कामाला बसण्यापूर्वीची २५ मिनिटे राखून ठेवली आहेत. पूर्वी तो वेळ फोनवरच्या एका गेमला जात असे. गेमिंगविषयी मला मुळीच आकस नाही. चांगला गेम माणसाला विचार करायला लावतो. पण तो गेम रोजची हजेरी मागत होता आणि एक दिवस चुकला की जमवलेले काही तरी हिरावून घेत होता. क्यूब चार दिवस खणात राहिला तरी तो तसाच वाट पाहतो, आणि नोकरी करणाऱ्या माणसाला असाच छंद झेपतो. ऑनलाइन बैठकीत हाताला चाळा म्हणून क्यूब फिरवणे मात्र मी बंद केले आहे. त्यात समोरच्याच्या बोलण्याकडे लक्ष राहत नाही आणि सरावही वाईट होतो, कारण नजर नसताना बोटांना जुन्याच सवयी लागतात.

एका सहकाऱ्याने विचारले, “अहो, सूत्रे पाठ केली की झाले, यात डोके कुठे लागते?” हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना ऐकावा लागतो आणि तो बहुधा मनापासून विचारलेला असतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यावे असे मला वाटते. मी त्यांच्यासमोर आर, यू, आर-प्राइम, यू-प्राइम (उजवी बाजू, वरची बाजू, मग त्याच दोन्ही उलट दिशेने) या चार चाली सुटलेल्या क्यूबवर सहा वेळा केल्या, आणि विस्कटत गेलेला क्यूब सहाव्या वेळी पुन्हा जसाच्या तसा झाला. असे का होते, हे त्यांनी स्वतःहून विचारले आणि जेवणाची सुट्टी त्यातच संपली. सूत्र म्हणजे गाण्यातले पलटे. ते घोटावेच लागतात, पण मैफल तेवढ्यावर उभी राहत नाही.

१९८२ साली बुडापेस्टला झालेली पहिली जागतिक स्पर्धा मिन्ह थाय यांनी २२.९५ सेकंदांत जिंकली होती. माझ्या हातात आज चुंबक बसवलेला, वंगण घातलेला क्यूब आहे आणि अनेकांनी वर्षानुवर्षे घासूनपुसून तयार केलेली पद्धत आहे. हे सारे असूनही माझी सरासरी त्या वेळेच्या मागेच आहे, त्यामुळे त्या आकड्याविषयीचा आदर वाढतच जातो.

सध्या ओएलएलची ३४ सूत्रे झाली आहेत आणि मेट्रोनोम १४० वर आहे. तिसऱ्या आणि चौथ्या जोडीमधला थांबा अजून गेलेला नाही. परवाच्या चित्रणात तो सव्वा सेकंदाचा निघाला. पुढचा महिनाभर फक्त त्याच्यावरच काम करणार आहे.