दह्याला तार

सकाळी पातेल्यात चमचा घातला, वर उचलला तर दही त्याच्यामागं लोंबतच आलं, चांगली वीतभर तार. सासूबाईंनी लांबूनच बघितलं आणि म्हणाल्या, "हे आपलं दही नव्हे गं." खरंच होतं. आम्ही लग्नाला जाऊन आलो तोवर विरजण पार आंबट झालेलं म्हणून वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडं वाटी घेऊन गेले, त्या म्हणाल्या "न्या की, त्यात काय विचारायचं", आणि ते मी आमच्या उरलेल्या विरजणातच मिसळलं.

पुतणी इथंच सांगलीत मायक्रोबायोलॉजी शिकते, ती दही बघून खूश! म्हणाली काकू, ही तार म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या, जंतूच तयार करतात, आणि दह्यातल्या काही जंतूंची ती करायची जनुकं, म्हणजे कृतीच, त्यांच्या मुख्य डीएनएवर नसतातच, प्लाझमिड म्हणून एक वेगळा छोटा गोल तुकडा असतो त्याच्यावर असतात, आणि तो तुकडा शेजारच्या जंतूला देता येतो. कधी हरवतो पण. हरवला की तार बंद.

आता आमच्या पातेल्यात वहिनींचेच जंतू वाढले असणार, साधी गोष्ट आहे, त्यात तुकड्याबिकड्याची गरज नाही. पण माझ्या डोक्यातून ते जाईना. आपल्याकडं सगळं वरून खाली येतं ना, आजीचं नाक, वडिलांची शुगर, तक्रार करायला जागाच नाही. आणि हे जंतू सरळ शेजारणीकडून मागून घेतात! जोशुआ लेडरबर्ग नावाच्या शास्त्रज्ञानं जंतूंची ही देवघेव 1946 मध्ये टेटम या दुसऱ्या शास्त्रज्ञाबरोबर दाखवली तेव्हा तो जेमतेम एकविशीचा होता. माझा मुलगा त्या वयाचा आहे, त्याला वाटी घेऊन वर पाठवलं तर लाजतो.

त्याच्याही आधीची गोष्ट मला जास्त आवडली. 1928 मध्ये ग्रिफिथ नावाच्या इंग्रज डॉक्टरनं न्यूमोनियाचे घातक जंतू तापवून मारले आणि दुसऱ्या निरुपद्रवी जिवंत जंतूंसोबत उंदरांना टोचले. मेलेले काही करू शकत नाहीत, जिवंत गरीब, तरी उंदीर मेले, आणि त्यांच्या रक्तात घातकवाले जिवंत सापडले. मेलेल्यांचा डीएनए जिवंतांनी उचलला होता, ते 1944 ला एव्हरी नावाचा शास्त्रज्ञ आणि मंडळींनी दाखवलं. उचललं काय, तर स्वतःभोवती साखरेचं कवच करायची कला. म्हणजे परत साखरच!

हे ऐकताना मला फळीवरचा तांब्या दिसत होता. 2019 च्या पुराचं पाणी गावभागातून ओसरलं तेव्हा आमच्या अंगणात चिखलात रुतलेला सापडला, कुणाचा काय माहीत, नाव घातलेलं होतं पण घासून घासून फक्त "सप्रेम भेट" राहिलेलं. गल्लीत सगळीकडं विचारलं, कुणी नेला नाही. आता तो आमचाच, सासूबाई तर पाहुण्यांना "आमच्या घरचा जुना" म्हणून दाखवतात.

देवघेव म्हटली की गोड वाटतं, पण पुतणी म्हणाली हे लोक विरजणच देतात असं नाही. जपानात 1950 च्या दशकात हगवणीच्या जंतूंवर चार-चार औषधं एकदम चालेनाशी झाली, चारही उत्तरं एकाच तुकड्यावर, आणि आतड्यातले साधे ई. कोलाय ते हगवणीच्या जंतूंना पुरवू शकतात असं निघालं. ई. कोलायला सगळं मनासारखं मिळालं तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. मी गुपचूप जाऊन फ्रीजवरची अर्धी राहिलेली अँटिबायोटिकची स्ट्रिप बघून आले, ती मला मागच्याच महिन्यात संपवायला सांगितली होती.

सासूबाई काही ते दही नुसतं खाईनात. शेवटी रवीनं घुसळून घुसळून त्याचं ताक केलं, तार बरीचशी मोडली, मीठ-जिरं घातलं, आणि त्या तांब्यात भरून माझ्या हातात दिलं, "जा, वर वहिनींना देऊन ये."