शिरस्त्राणाचा सांधा

मार्गशीर्ष. सकाळी दाट धुकं, दुपारी कोवळं ऊन.

आज कागदाचं शिरस्त्राण मातीच्या साच्यावरून कापून काढलं. दिवाळी सरली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडई (गावजत्रा), शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि रात्रभर चालणारी नाटकं सुरू होतात. ऐतिहासिक नाटकातल्या सरदाराला पहाटेपर्यंत हे डोक्यावर वागवायचं असतं. पत्र्याचं जड होतं, कागदाचं अर्ध्या किलोच्या आत बसतं. कानापाशी आणि मानेवर आकार आत वळतो, त्यामुळे साच्यावरून ते सबंध निघत नाही. दोन भाग करावेच लागतात.

रेघ कुठून मारायची यावर पुढचं निम्मं काम ठरतं. कपाळावरून मागे नेली तर सांधा बरोबर प्रेक्षकांच्या नजरेसमोर येतो. म्हणून एका कानावरून टाळूवर आणि तिथून दुसऱ्या कानावर. टाळूवरचा भाग माथ्यावरच्या टोकाच्या बैठकीखाली जातो, कानाखालचा खाली लोंबणाऱ्या झालरीखाली. उघडा राहतो तो मधला वीतभर. कापण्याआधी रेघेवर दर ५ सेंटिमीटरला आडवी खूण करायची आणि खुणेच्या दोन्ही बाजूंना एकच आकडा लिहायचा. गोल आकाराचे दोन भाग डोळ्यांनी जुळल्यासारखे वाटतात, पण बोटभर सरकलेले असतात.

कागदाचे थर ८ ते १०, एक वर्तमानपत्राचा, एक खाकी कागदाचा. रंग वेगळा असला की कुठे थर सुटला ते लगेच कळतं. खळ मैद्याची, त्यात चिमूटभर मोरचूद, संत्र्याच्या बागांमध्ये बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकाला लागतं तेच. त्याशिवाय पावसाळ्यात पेटीतच बुरशी आणि झुरळं फडशा पाडतात. मोरचूद विषारी असल्यामुळे हातमोजे घालायचे, आणि शिरस्त्राणाला आतून कापडाचं अस्तर हवंच.

साच्यावरून सुटलेले भाग आतून ओलेच असतात आणि तोंडाशी फाकतात. आतल्या बाजूला बांबूची कामटी आडवी बसवायची, बाहेरून सुतळीने आवळायचं आणि सावलीत वाळवायचं. उन्हात ठेवलं तर एक बाजू आधी आखडते आणि भाग वाकडा होतो. चुलीजवळ तर नकोच. वरून कडक होतं, आत ओल तशीच राहते. वाकडा झालाच तर दाबून जुळवायचा नाही. आतून ओलं फडकं १५-२० मिनिटं लावायचं, आकारात बांधायचं, पुन्हा वाळू द्यायचं. ताणून चिकटवलेला सांधा पुढे कधीतरी सुटतोच.

आता खरा मुद्दा. सांध्याला धरायचं काम आतली बाजू करते. बाहेर जे लावतो ते झाकण्यापुरतं. गावोगावी फुटलेली शिरस्त्राणं पाहिली तर बहुतेकांना बाहेरून पुट्टीचे थरावर थर आणि आत एक कागदी पट्टी, एवढंच दिसतं. डोक्यावर चढवताना, उतरवताना कड दर वेळी थोडी फाकते. कागद लवतो, पुट्टी लवत नाही, म्हणून तडा जातो.

बाहेरून मास्किंग टेपचे आडवे तुकडे लावून दोन्ही भाग खुणेला खूण जुळवून धरायचे. आत जुन्या धोतराच्या ४ सेंटिमीटर रुंद पट्ट्या, तीन भाग फेविकॉल आणि एक भाग पाणी यात भिजवलेल्या. आधी सांध्यावर आडवे आखूड तुकडे, एकाला एक लागून. ते वाळले की त्यावर लांब उभी पट्टी. ही पट्टी कापडातून तिरकस कापलेली हवी; सरळ कापलेली गोलाईवर चुण्या पाडते. शेवटचा थर ६ सेंटिमीटर रुंद, म्हणजे कडकपणा एकाएकी संपत नाही. तडा नेहमी खालच्या काठापासून सुरू होतो. तिथे दोन्ही कानांकडे सांध्यापासून ५ मिलिमीटरवर भोकं पाडून तांब्याच्या बारीक तारेचे दोन-दोन टाके घालायचे. तलवारबाजी असेल तर हे टाळूच नये. या थंडीत पूर्ण वाळायला सबंध दिवस लागतो, आणि रात्री दव पडतं म्हणून अंगणात ठेवायचं नाही.

बाहेरून टेप काढून सांध्यावर २-३ मिलिमीटर रुंदीची खाच पाडायची. भरायला पिळलेला कागदाचा लगदा दोन वाट्या, खडूची भुकटी एक वाटी, फेविकॉल अर्धी वाटी. दोनदा भरायचं, कारण वाळताना ते खाली बसतं. एम-सील इथे चालत नाही. आजूबाजूच्या कागदापेक्षा ते फार कठीण. पॉलिश पेपर कागद खातो, एम-सील तसंच राहतं आणि घासत जाऊ तसा उंचवटा वाढतो. भिंतीची पुट्टी तर ठिसूळच.

भरलेल्या खाचेवर पातळ कागदाची पट्टी, हाताने फाडलेली. कापलेल्या पट्टीची धार रंगाखालूनही दिसते, फाडलेलीची कड विरून जाते. मग खडू-फेविकॉलचा पातळ हात, सांध्याच्या दोन्ही बाजूंना ५-६ सेंटिमीटरपर्यंत. लाकडी ठोकळ्यावर १२० नंबरचा पेपर, मग २२०, शेवटी ३२०. कोरडंच घासायचं, तोंडावर रुमाल बांधून. अंधारात बॅटरी बाजूने धरली की राहिलेला उंचवटा सावली टाकतो. रंगमंचावरचा बाजूचा दिवाही हेच करतो, म्हणून ही तपासणी महत्त्वाची. डोळे मिटून बोट फिरवलं तर आणखी नेमकं कळतं.

रंगाआधी लाखेचे दोन हात: चपडी लाख १०० ग्रॅम, स्पिरिट अर्धा लिटर. पहिल्या हातानंतर कागदाचे तंतू उभे राहतात, ते ३२० ने हलकेच घासून दुसरा हात. चंदेरी रंगाआधी काळा द्यायचा. पांढऱ्यावरच चंदेरी मारला तर लोखंडाऐवजी नवा डबा दिसतो. चंदेरी सुकल्यावर पेन्सिलच्या शिशाची भुकटी कापडाने चोळली की जुन्या लोखंडाची झाक येते. पितळी रंग फक्त काठाला आणि टोकाला.

हनुवटीचा पट्टा अजून बाकी आहे. कानापाशीच सांधा असल्यामुळे रिबीट त्यात मारायचं नाही; ३ सेंटिमीटर पुढे, आतून-बाहेरून चामड्याची चकती लावून. आतला फोम १० मिलिमीटरचा, पाच तुकड्यांत, मध्ये हवेला जागा सोडून. साच्याचा घेर डोक्यापेक्षा ५-६ सेंटिमीटर मोठा धरला होता, तो याच फोमसाठी.