कर्ज फिटले, पण बोजा उतरेना

माझी २०१४ सालची वॅगनआर विकायला दोन दिवस लागले आणि ती विकण्याजोगी करायला सात आठवडे. भाव पहिल्याच बैठकीत ठरला, इसारही मिळाला. अडले ते आरसीवर राहून गेलेल्या बँकेच्या बोज्यापाशी, म्हणजे गाडी कर्जाला तारण असल्याच्या नोंदीपाशी. कर्ज मी २०१९ मध्येच फेडले होते आणि बँकेचे नाहरकत पत्र कपाटात जपून ठेवले होते. परंतु ते मुदतीत आरटीओत देऊन बोजा उतरवून घ्यायचा असतो, याचा पत्ताच नव्हता. पत्राची मुदत केव्हाच उलटून गेली होती.

नव्या पत्रासाठी शाखेत गेलो, तर वाहनकर्जाचा विभाग दुसरीकडे हलला होता. तिथे गेलो, तर अर्ज मुख्य कार्यालयाकडे जाईल असे सांगण्यात आले. बाविसाव्या दिवशी पत्र आले आणि त्यात चासी क्रमांकाचा एक अंक चुकलेला. "चालून जाईल," असे तिथल्या गृहस्थांनी हसत सांगितले. आरटीओत ते चालले नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा तीच वाट, बोजा उतरवण्याच्या फॉर्म ३५ च्या प्रतींवर पुन्हा सही-शिक्का. तेव्हा पत्र हाती पडताच खिडकीसमोर उभे राहूनच चासी आणि इंजिनाचे क्रमांक आरसीशी ताडून पाहावेत, मागची रांग कितीही कुरकुरली तरी.

या काळात गिऱ्हाईक दोनदा म्हणाले, "काका, गाडी नेतो, कागद मागाहून करू." मी नकार दिला, आणि एवढ्यापुरता मी स्वतःवर खूश आहे. नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याच्यावरच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

बोजा उतरल्यावर मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० चे काम सुरळीत झाले. विक्रीची सूचना आरटीओला चौदा दिवसांत द्यायची असते. किल्ली मात्र पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्याचे पाहूनच दिली आणि ताबापावतीवर तारखेबरोबर वेळही लिहून घेतली, कारण त्याच संध्याकाळचे चलान कोणाचे, हा वाद नको होता. त्याआधीची चलाने मी भरून टाकली होती. विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचे, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचे, पत्रही मागून घ्यावे. ते पुढच्या गाडीला उपयोगी पडते.

फास्टॅग बंद करायचे तेवढे राहिले. तिसऱ्या दिवशी खेड शिवापूरचा टोल माझ्या खात्यातून गेला.