घडीवर विरलेलं

शनिवार. पाऊस नव्हता, म्हणजे इथे इंग्लंडात, डेव्हनमध्ये सणच. आईला साताऱ्याहून येऊन तीन आठवडे झाले, समुद्र बघून बघून कंटाळलीये, म्हणून जवळच्या एका जुन्या घरात (घर कसलं, वाडाच तो) लग्नाच्या जुन्या गाऊन्सचं प्रदर्शन लागलंय तिकडे नेलं. मला वाटलं ही दहा मिनिटांत बाक शोधून बसेल.

आत शिरल्या शिरल्या, "लाईट गेलेत का गं?" म्हटलं मुद्दाम मंद ठेवतात, उजेडाने रेशीम खराब होतं. "मग दाखवायला कशाला मांडलंय!"

पहिलाच गाऊन चॉकलेटी. आई चाट पडली. पांढऱ्याची फॅशन पसरली ती व्हिक्टोरिया राणीने १८४० मध्ये लग्नात पांढरं सॅटिन घातल्यावर, तेही हळूहळू, साध्या घरच्या मुली पुढेही कितीतरी वर्षं आपला रंगीत चांगला ड्रेसच घालायच्या आणि मग तोच चर्चला. राणीची लेस इथलीच, बीअर नावाच्या गावात दोनशेवर बायकांनी हाताने केलेली (खरंच बीअर, आई दोनदा हसली). ती लेस राणीने १८९७ च्या ज्युबिलीलाही (राज्याला साठ वर्षं झाली तेव्हा) वापरली आणि १९०१ मध्ये गेली तेव्हा लग्नातली डोक्यावरची ओढणी (veil) तिच्यासोबतच पुरली. "पण नवरा तर आधीच गेलेला ना तिचा? लग्नातलं आपल्याकडे सवाष्णीला नेसवतात." हो, १८६१ मध्येच गेला होता. आई जरा वेळ काहीच बोलली नाही.

युद्धाच्या काळातला एक होता, अगदी साधा. जून १९४१ पासून कपड्यांनाही रेशनिंग, पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं आणि लोकरीच्या एका ड्रेसला त्यातली ११ जायची. रेशनकार्ड म्हटल्यावर आईला सगळं बरोब्बर कळलं, मला काही समजवावं लागलं नाही.

पण ती थांबली ती कोपऱ्यातल्या एका क्रीम रंगाच्या गाऊनपाशी, १९०० च्या आसपासचा. बाहीवर, कंबरेवर उभ्या चिरा, ब्लेड मारल्यासारख्या. कुणी फाडलेला नाही. रेशीम उकळून त्यातला डिंक काढला की वजन घटतं, मग ते भरून काढायला आणि कापडाला छान भारीपणा यायला कथलाचे क्षार द्यायचे, आणि तेच क्षार पुढे आतून धागा खातात. नुसतं ठेवून ठेवून चिरतं. म्हणजे भारी दिसावं म्हणून केलं त्यानेच घात केला.

मी हे वाचून दाखवतेय आणि आईचं नाक काचेला. "ते असू दे, इथे बघ, ही आडवी चीर घडीवरची आहे. वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलाय मेल्यांनी."

तिथल्या म्हाताऱ्या व्हॉलंटियर बाईंना मी हे इंग्रजीत सांगितलं तर त्या एकदम खूश, म्हणाल्या म्हणूनच आता घडीत कागदाच्या गुंडाळ्या घालतो. मग दोघी आपापल्या भाषेत बराच वेळ बोलत होत्या, मी मधे पडलेच नाही.

गाडीत आई आजीच्या शालूबद्दल बोलत होती. ७२ च्या दुष्काळात त्याची जर मोडून चांदी विकली, उरलेल्या कापडाची माझी दुपटी झाली. मला आत्तापर्यंत कुणी हे सांगितलंच नव्हतं. आईचा स्वतःचा शालू मात्र साताऱ्याला कपाटात आहे, मलमलीत बांधून.

घरी येऊन चपलासुद्धा न काढता वहिनीला फोन. "शालूची घडी बदल गं, उलटी घाल."

"आत्ता? आई, साडेअकरा वाजलेत इथे."