बॉर्डर की बाउंड्री

परवा दुपारी जेवून जरा आडवा झालो तर भाची वही घेऊन हजर, मामा, बॉर्डर आणि बाउंड्रीत फरक काय, उद्या टेस्ट आहे. बेळगावात राहून हे मला विचारतेस होय ग, म्हटलं, आणि बराच वेळ पंख्याकडे बघत बसलो.

बाउंड्री म्हटलं की मला टिळकवाडीतली आमची गल्लीच दिसते. एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला आजींच्या कंपाउंडची भिंत, समोर विटेचा तुकडा. विटेपलीकडे गेला की फोर, कंपाउंडात पडला की आउट, वर बॉल आणायला कोण जाणार यावरनं भांडण. आजी बॉल द्यायच्या, पण आधी कन्नडमधनं शिव्या, मग त्याच मराठीतनं, दोन्ही अस्खलित. आणि ती वीट, बॅट ज्याची असेल त्याच्या सोयीनं हळूच सरकायची.

बॉर्डर म्हणजे शहापूरची साडी. आई काठ म्हणायची, मावशी बॉर्डर, "बॉर्डर चांगली रुंद बघ." मला वाटतं खरी गंमत तिथंच आहे, बॉर्डरला रुंदी असते. वेंगुर्ला रोडनं गेलं तर बाची आपल्यात, कर्नाटकात, आणि शिनोळी महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात, मधे रेघ काय दिसत नाही, भाषा तीच, पाट्या तेवढ्या बदलतात. कोल्हापूरच्या बसमध्ये कोगनोळीला कोणतरी म्हणतंच, बॉर्डर आली बघा. बाउंड्री आली असं कोण म्हणतंय? आमच्या वेळी दहावीला पस्तीस पडले तरी पोरगं बॉर्डरवरच पास व्हायचं.

बाउंड्री साहेबलोकांची. १९४७ ला फाळणीत रॅडक्लिफ नावाच्या इंग्रज वकिलानं पंजाब-बंगालवर रेघा मारल्या तेव्हा त्याच्याकडं बाउंड्री कमिशन होतं, आणि त्या रेघेवर १९६५ पासून उन्हातान्हात उभी आहे ती बॉर्डर सिक्युरिटी फोर्स. बेळगाव कुणाचं, महाराष्ट्राचं की कर्नाटकचं, या वादावरच्या आमच्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या रिपोर्टवरपण बाउंड्री डिस्प्यूट्स असंच छापलंय, आणि आम्ही मात्र जाईल तिथं बॉर्डरवरचे. मराठीत काय, दोन्हीला सीमाच, सीमाप्रश्न म्हटलं की विषय संपला. म्हणजे संपला कुठला, १९५६ पासून चाललाय. २००४ ला महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात गेला, अजून तिथंच आहे, आणि १ नोव्हेंबरला, बेळगाव तिकडं गेल्याच्या निषेधात, काळ्या दिवसाच्या फेरीला न चुकता जाणारे आमच्या गल्लीतले म्हातारे लोक आता फार उरले नाहीत.